मागे गाडी नको

थेरगावात सायकल चालवायला जागा नाही असं कोणी म्हणू नये. जागा आहे. डांगे चौकाकडून निघालं की फुटपाथाला लागून हिरवा पट्टा रंगवलेला आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र काढलेलं आहे. चित्रातल्या सायकलच्या पुढच्या चाकावर भुर्जीची गाडी उभी असते, मागच्या चाकावर रिक्षा. मधे लोक दुचाक्या लावतात. त्यातूनही जी वीतभर जागा उरते तिच्यातून, मोठा रस्ता तुंबला की, बाकीच्या दुचाक्या उलट्या दिशेने घुसतात. पुढे हा पट्टा एका विजेच्या डीपीला जाऊन धडकतो आणि संपतो. रंगवणाऱ्याने मात्र डीपीच्या पायापर्यंत इमानाने रंगवलाय, कडासुद्धा सरळ आहेत.

मी शाळेत भूगोल शिकवते. उगम, खोरं, संगम, गाळाची जमीन, हे सगळं दरवर्षी फळ्यावर काढते आणि पोरांकडून पाठ करून घेते. असं असून माझ्या नवऱ्यासाठी गाडी नसलेला एक रस्ता मला सापडत नव्हता, याचा मला फार राग यायचा.

हे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. लग्न झाल्यापासून बघतेय, घर ते वर्कशॉप सायकल. शेजाऱ्यांनी मोटारसायकली घेतल्या, मग मोटारी घेतल्या, आणि त्या मोटारींत ते नाशिक फाट्याला तास तास बसून राहायचे. हे त्यांच्या शेजारून घंटी वाजवत जायचे आणि संध्याकाळी घरी येऊन कोण कोण कुठे अडकला होता ते हसत सांगायचे. ते मला कधी कधी आगाऊपणाचं वाटायचं, पण माणूस खूश असायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी भोसरीकडे वळताना मागून आलेल्या कंटेनरचा आरसा ह्यांच्या खांद्याला लागला. हे पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं. कंटेनर निघून गेला, बहुतेक त्याला कळलंही नसेल. हाड जुळलं, पट्टा निघाला, डॉक्टर म्हणाले की आता खुशाल सायकल चालवा. ह्यांनी सायकल बाल्कनीत नेऊन ठेवली. आधी तिच्या हँडलवर टॉवेल वाळायला लागला, मग सीटवर पायपुसणी, आणि शेवटी दांडीवर उशांचे अभ्रे.

सगळ्यांना हे सांगायचे की खांदा दुखतो. खरं काय ते मला एकदाच सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता. मागून इंजिनाचा आवाज आला की ह्यांना तो कंटेनरच वाटायचा आणि पाय चालायचे नाहीत. हे कोणाला सांगायचं नाही, तुझ्या माहेरी तर अजिबात नाही, अशी वर ताकीद. मी म्हटलं, त्यात लाजण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, "जावयानं सांगायची गोष्ट आहे का ती?"

मग हे बसने जायला लागले आणि शेअर रिक्षाने यायला लागले. घरी आल्यावर कोण कुठे अडकलं होतं ते सांगायचं बंद झालं, कारण आता हेच अडकलेले असायचे. जेवायचे, बातम्या लावायचे आणि बातम्यांकडे न बघता बसायचे. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची, आणि मला भीती वाटली की मी चिडते. उन्हाळा लागला तसं एक दिवस म्हणाले, सायकल देऊन टाकू कोणाला तरी, गंजण्यापेक्षा बरी. मी भांडले. म्हटलं, गाडी नसलेल्या रस्त्यावर एकदा चालवून बघा आणि मग खुशाल द्या. ते म्हणाले, असा रस्ता दाखव.

झालं. मी लागले शोधाला.

आधी पवना धरली. नदी घराजवळ, काठाने पायवाट. एका रविवारी उजाडता उजाडता ह्यांची सायकल आणि माझी जुनी लेडीज सायकल, पुढे बास्केट नि मागे कॅरियर असलेली, घेऊन निघालो. नदीवर जलपर्णी अशी माजली होती की काठ कुठे संपला नि पाणी कुठे लागलं ते माझ्यासारख्या भूगोलवालीलाही सांगता येऊ नये. डास तर थव्याने. वाट एका भिंतीपाशी गेली, भिंतीला भगदाड होतं आणि त्या भगदाडातून एक मोटारसायकल बाहेर आली. तिच्यामागे दुसरी. चौकातला सिग्नल टाळायचा तो शॉर्टकट होता. हे खाली उतरले आणि घरापर्यंत सायकल ढकलत आणली.

मग मला फोनवर एक जाहिरात दिसली, वाकडच्या एका सायकलवाल्या ग्रुपची. नदीखोरी आणि द्राक्षबागांतून वाहनमुक्त सायकल सहल. खाली फोटो कुठल्या तरी परदेशातला, हिरवे उतार, मधून एक पांढरी वाट आणि वाटेवर चिटपाखरू नाही. मी फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. म्हणाला, शंभर टक्के ट्रॅफिक-फ्री. मी विचारलं, मागे गाडी असते का? तो म्हणाला, असते ना, सेफ्टीसाठी एक पुढे, एक मागे, शिवाय एक शूटिंगची. मी म्हटलं, अरे मग ही वाहनमुक्त कशी? त्यावर तो अतिशय समजुतीने म्हणाला, "मॅडम, वाहनं बाहेरची नसतात. आपलीच असतात." मी फोन ठेवला.

त्यातच अधिक महिना लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्याकडे खराच आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारसे द्यायचे, लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर बसवून ओवाळायचं. माझं माहेर यात कधी चुकलेलं नाही. ते आहे नारायणगावच्या आत, मीना नदीच्या खोऱ्यात. घरची द्राक्षबाग. आई-वडील गेल्यावर सगळं माझा धाकटा भाऊ बघतो आणि पाहुण्यांच्या बाबतीत वडिलांच्या वरताण करतो. बोलावणं करायला त्याचा फोन आला, आणि तो बोलत असतानाच मला एकदम पाट आठवला.

धरणाचा पाट आमच्या गावाच्या वरच्या अंगाने जातो. पाटाच्या एका भरावावरून मातीचा रस्ता आहे, पाटाची देखरेख करायला ठेवलेला. लहानपणी आम्ही भावंडं त्यावरून शाळेला जायचो, एकाच सायकलवर, मी चालवायची आणि तो कॅरियरवर बसून मागून सूचना करायचा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली बागा आणि त्यापलीकडे नदी. तिथे गाडी म्हणाल तर पाटकऱ्याची मोटारसायकल, ती पण त्याला वाटलं तर. मी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर अभ्रे दोरीवर होते आणि सायकल उलटी करून हे चेनला तेल घालत होते.

आता उरला माझा भाऊ. मी त्याला सांगितलं की आम्ही महामार्गावर पाटाच्या पुलाशी उतरू आणि तिथून सायकलने येऊ. मग त्याने आवाज खाली करून विचारलं, "आक्का, काय अडचन हाय का?" मी म्हटलं, अडचण कसली, व्यायाम. तो म्हणाला, व्यायाम हितं येऊन करा की, हितं काय जागा न्हाई व्हय. धोंड्याला आलेला जावई सायकलवरून गावात शिरतो, लोक काय म्हणतील. मग वहिनीचा फोन आला, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का असं तिने आडून आडून विचारलं. खरं सांगायची तर मला बंदी. शेवटी मी भावाला दम भरला की न्यायला कोणीही यायचं नाही, कुठलीही गाडी पाठवायची नाही. तो म्हणाला, "बरं."

माझ्या भावाचं "बरं" म्हणजे ऐकू आलं, एवढंच. लहानपणापासून माहीत असून मी फसले.

इकडे इमारतीत बातमी पसरली की आम्ही द्राक्षांच्या गावाला चाललोय. दोघी-तिघींनी पिशव्या आणून दिल्या. मी सांगून थकले की एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी होते, या दिवसांत वेलीवर नुसते कोवळे फुटवे असतात, द्राक्षाचा मणीसुद्धा बघायला मिळणार नाही. एक जण म्हणाली, असू दे, आंबट असली तरी चालतील.

ज्या दिवशी निघालो त्या दिवशी गाड्या नसलेल्या रस्त्याला लागण्यासाठी आम्ही एक छोटा टेम्पो केला. मागे सायकली बांधल्या, पुढे आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. मी मुद्दाम लवकर निघायला लावलं होतं, म्हणजे चाकणला गर्दी लागणार नाही. चाकणला गर्दी लागत नाही अशी वेळ देवाने घड्याळात ठेवलेलीच नाही. रात्रपाळीच्या बस सुटत होत्या, सकाळच्या पाळीच्या बस घुसत होत्या आणि मधे आडवे कंटेनर, एकाला एक चिकटून. आमच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि पाय वर घेतले. हे खिडकीशी बसले होते. शेजारचा कंटेनर हातभर अंतरावर घरघरत होता. ह्यांनी खिडकीची काच वर केली आणि मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसले. मी मनातल्या मनात त्या चौकाला ज्या शिव्या दिल्या त्या शिक्षिकेला शोभणाऱ्या नव्हत्या.

पाटाच्या पुलाशी उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. टेम्पो परत गेला. महामार्गाचा आवाज मागे कमी कमी होत गेला आणि एका वळणानंतर उरलाच नाही.

पाटाला पाणी सुटलेलं होतं. भरावाखाली बागा लागल्या होत्या, तारांवर चढवलेले वेल, त्यांची ती पोपटी कोवळी पानं, मधून फुटवे काढणाऱ्या बायका. खाली नदीची बारीक रेघ. त्या परदेशी फोटोपेक्षा काही कमी नव्हतं, फक्त फोटोत ऊन लागत नाही. मी नीट बघायचं ठरवलं होतं, पण दर थोड्या अंतरावर कोणीतरी पाटात मोटर टाकलेली, तिचा पाइप रस्त्यावर आडवा. उतरा, सायकल उचला, पलीकडे ठेवा, चढा. कुठे शेळ्या येऊ नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. एका ठिकाणी कुत्रं आमच्या मागे लागलं आणि मग त्यालाच कंटाळा आला. माझी सीट अशी टोचत होती की बोलायची सोय नाही.

आणि भेटेल तो माणूस एकच विचारायचा. पाटकरी भेटला, त्याने मोटारसायकल थांबवून विचारलं, "गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, गाडी नाहीच, फिरायला आलोय. तो आमच्याकडे आणि मग आलो त्या रस्त्याकडे बघत राहिला, जणू बंद पडलेली गाडी कुठेतरी लपवून ठेवलीय. पुढे बागेतल्या बायकांनी हाक मारून विचारलं, गाडी बंद पडली का. एक म्हातारे म्हशी घेऊन चालले होते, त्यांनी विचारलंच नाही, परस्पर सांगितलं की मिस्त्री पुढच्या गावात मिळेल. मी एकालाही धड उत्तर देईनाशी झाले.

पण ह्यांच्याकडे माझं लक्ष होतं. सुरुवातीला हे सारखी मान वळवून मागे बघायचे. पायडल, पायडल, मान. त्या मानेकडे बघून माझीच मान दुखायला लागली. मग पाइप उचलता उचलता, कुत्र्याला हाकलता हाकलता कधीतरी ते थांबलं. एका लांब सरळ पट्ट्यावर माझ्या लक्षात आलं की हे बराच वेळ मागे वळलेले नाहीत. घंटी वाजवली, समोर कोणी नसताना, उगीचच. मी मागून येत होते आणि मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग आला, कारण डोळ्यांत पाणी आलं की समोरचा पाइप दिसत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ. कुठवर आलात म्हणून विचारत होता. मी भाबडेपणाने सांगितलं, जुन्या चिंचेपाशी. तो म्हणाला, बरं.

गाव जवळ आलं होतं. शाळेच्या पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं होतं. आणि मागून इंजिनाचा आवाज आला.

मी वळून बघितलं. माझ्या भावाचा पिकअप भरावावरून येत होता. बॉनेटवर झेंडूची माळ, समोरच्या काचेवर कुंकवाचं बोट. तो पाठीमागच्या पुलावरून भरावावर चढला होता, खास आमच्या मागून यायचं म्हणून. त्याचं कारण त्याने नंतर सांगितलं आणि ते त्याच्या दृष्टीने बिनचूक होतं. धोंड्याचा जावई म्हणजे नारायण, त्याच्या पुढे गाडी घालायची नसते. पाहुण्यांना घेऊन यायचं ते त्यांच्या मागे राहून. म्हणून तो हॉर्न न वाजवता, ओलांडून जायचा प्रयत्न न करता, पहिल्या गिअरमध्ये, अत्यंत आदराने, ह्यांच्या मागे घुर्र घुर्र करत येत राहिला. जगातल्या सगळ्या मेव्हण्यांत हा एकच असा निघावा ज्याने नेमकं तेच करावं.

ह्यांनी मागे बघितलं नाही. पाय थांबले. सायकल दोन-चार हात तशीच गेली, पाटाच्या कडेला कलली, आणि ह्यांनी एक पाय खाली टेकवला. खाली पाणी जोरात वाहत होतं. हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी सायकल तशीच टाकली आणि पिकअपच्या समोर जाऊन उभी राहिले. भावाला जे काही बोलले ते आता आठवत नाही, पण बागेतल्या बायका काम थांबवून वर बघायला लागल्या होत्या.

भाऊ खाली उतरला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळाला गंध, आणि चेहरा पार गोंधळलेला. इंजिन चालूच होतं. माझ्या कडेने तो ह्यांच्यापाशी गेला आणि हात जोडले. "दाजी, राग मानू नका. गावात शिरताना तेवढं गाडीत बसा. सायकली टाकतो मागं. पोरांनी हलगी लावलीय येशीत."

मला वाटलं, आता म्हणतील खांदा दुखतोय. म्हणतील, आणि गाडीत बसतील, आणि सायकल मागे टाकली जाईल, आणि ती परत बाल्कनीत सुद्धा येणार नाही. मला ते समोर दिसत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. सांगायची बंदी होती.

"खांदा बरा झालाय माझा," हे म्हणाले. आवाज बारीक होता. "मागं इंजिन वाजलं की मला तो कंटेनर आठवतो. पाय हलत नाहीत. म्हणून ह्या रस्त्यानं आलो."

भावाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तो पिकअपकडे गेला, वाकून आत हात घातला आणि किल्ली फिरवली. एकदम पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. किल्ली त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली.

"हे आधी सांगायचं न्हाई का, दाजी?" तो म्हणाला. "मी काय परका हाय का?"

ह्यांची हँडलवरची बोटं सैल झाली.

पिकअप भरावावर मधोमध उभा होता आणि तिथे वळवायला जागा नव्हती. राहू दे, भाऊ म्हणाला, पाटकऱ्याला मी बघतो. चालायचं म्हटलं तर गाव अजून तसं लांबच होतं. तो चालत यायला निघाला, त्या वजनाने, त्या उन्हात, कोऱ्या चपला घालून. मी म्हटलं, अरे, चालतोस कशाला, घे माझी सायकल. त्याने लेडीज सायकलकडे बघितलं. पुढे बास्केट, त्यात शेजारणींच्या पिशव्या. गावात त्याला मान आहे, सोसायटीवर तो निवडून आलेला आहे, आणि वेशीत हलगी लावलेली आहे. पण त्याने टोपी काढून खिशात घातली आणि सायकलवर टांग टाकली. मी कॅरियरवर बसले.

हे पुढे निघाले. आम्ही मागून. तरीही भावाने ओलांडलं नाहीच, शहाण्याने. पिकअपशिवायही त्याचा आदर सुटत नव्हता. माझी सायकल आमच्या दोघांच्या वजनाने कुरकुरत होती, भाऊ भात्यासारखा धापा टाकत होता आणि दर थोड्या वेळाने पुढे ओरडून सांगत होता, "मीच हाय, दाजी. मीच हाय मागं." ह्यांनी एकदा हात वर केला. मान नाही वळवली.

वेशीत हलगी वाजायला लागली ती आम्हाला बघून मधेच थांबली. सगळं गाव जमलं होतं. पुढे धोंड्याचा जावई सायकलवर, मागे घामाने भिजलेला आमचा भाऊ लेडीज सायकलवर आणि त्याच्यामागे कॅरियरवर पदर सावरत मी. कोणीतरी विचारलंच, "काय राव, गाडी बंद पडली का?"

भावाने पाय टेकवला आणि श्वास घेतला. "न्हाई," तो म्हणाला. "बंद केली."

हलगी परत सुरू झाली.

घरी गेल्यावर कळलं की अनारशांचा डबा, जावयाचा आहेर आणि ओवाळायचं चांदीचं ताट, सगळं पिकअपमध्ये राहिलं होतं. भावाने ते वेशीबाहेरच द्यायचं ठरवलं होतं म्हणे. वहिनीने कपाळावर हात मारला. एका भाच्याला पळवून ते सगळं आणवलं, तोवर धोंडे गार झाले आणि ते परत वाफवले. पाटकऱ्याचा फोन आला आणि त्याने भावाला नाही नाही ते सुनावलं. जेवायला दुपार टळून गेली. ओवाळलं, हे आहेराचा पांढराशुभ्र सदरा-लेंगा घालून बसले, अनारसे खाल्ले, आग्रहाला बळी पडले. मी मात्र घास घेता घेता एकच हिशेब करत होते की परत जाताना काय. परत जायला सायकली आणि पाट ठीक, पण त्यापुढे? थेरगावात काय? गाडी नसलेला एक रस्ता सापडला तो घरापासून इतक्या लांब, की त्याचा उपयोग वर्षातून एकदा, तीन वर्षांतून एकदा. मी उगीच जिंकल्यासारखी रडत होते. मला स्वतःची चीड आली.

ऊन कललं तसा भाऊ पिकअप आणायला निघाला. मी आत वहिनीशी बोलत होते. चहा ओतून बाहेर आले तर हे नाहीत, ह्यांची सायकल नाही आणि माझीही सायकल नाही. दोघे मिळून गेले होते, मला न सांगता. चहा तसाच ठेवून मी बागेच्या कडेने वर गेले, पाट दिसतो त्या बांधावर, दोघांना चार शब्द सुनावायचे म्हणून. वहिनी मागून आली.

दूर भरावावर पिकअप होता, मागे माझी लेडीज सायकल टाकलेली. इंजिन चालू झालेलं मला तिथून ऐकू आलं. मी थांबले. पिकअप हलला, आणि मग मला दिसलं की त्याच्या पुढे सायकल आहे.

हे पुढे होते. पांढरे कपडे, वाकलेली पाठ. मागे, बरंच अंतर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये पिकअप. थोडं अंतर आले आणि ह्यांचे पाय थांबले. पाय खाली टेकला. पिकअपही थांबला, आवाज बंद झाला. मी वहिनीचा हात धरला, का ते तिला कळलं नाही. मग ह्यांनी मागे न बघता हात वर करून पुढे चल अशी खूण केली. इंजिन परत सुरू झालं. पायडल फिरलं.

असं परत एकदा झालं. नंतर झालं नाही. जवळ आले तशी भावाची मान दिसायला लागली, खिडकीतून पार बाहेर काढलेली, आणि इंजिनाच्या आवाजातूनही त्याचं ओरडणं ऐकू आलं. घसा बसला होता त्याचा.

"मीच हाय, दाजी. मीच हाय."

खाली आल्यावर मी दोघांनाही बोलले. चहाचं, न सांगता गेल्याचं, आणि कोऱ्या लेंग्याला चेनचं काळं वंगण लागलं होतं त्याचं. हे ऐकून घेत होते, आणि सायकल भिंतीला टेकवता टेकवता म्हणाले की चाकणच्या चौकात आपला टेम्पो अडकला होता ना, तिथे डाव्या कडेने सायकल जाण्याइतकी जागा होती. मी बघितली होती, म्हणाले.